एकच रसायन, चार गोळ्या: नॉरएपिनेफ्रिन वाढवणारी कुठली आणि अडवणारी कुठली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, राहायला कागलजवळ. बीपीसाठी मेटोप्रोलॉल, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन आणि शुगरमुळे पायांची आग होते म्हणून ड्युलॉक्सेटिन सुरू आहे. परवा सर्दी झाली तेव्हा मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी आणली. मुलगी बी. फार्म.ला आहे. तिने पुस्तक उघडून सांगितलं की या चारही गोळ्यांचा संबंध नॉरएपिनेफ्रिनशी, म्हणजे चेतातंतू ज्यातून निरोप देतात त्या एका रसायनाशी आहे, काही ते वाढवतात आणि काही अडवतात. मग एक डॉक्टर वाढवणारी गोळी देतो आणि दुसरा अडवणारी, म्हणजे कुणाचं तरी चुकतंय ना?

दोन्ही डॉक्टरांचं बरोबर आहे. माझा आक्षेप फक्त मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर आहे. त्याकडे शेवटी येतो. आधी मुलीने जे वाचलं त्यातली अडचण सांगतो. ‘वाढवणारं औषध’ आणि ‘कमी करणारं औषध’ अशी विभागणी परीक्षेत दोन मार्क मिळवायला ठीक आहे, पण पेशंटसमोर ती फसवते. हे रसायन सगळ्या शरीरात एकाच वेळी, सारख्या प्रमाणात वाढत किंवा कमी होत नाही. ते चेतातंतूच्या टोकाशी, केसाहून कितीतरी बारीक फटीत सांडतं आणि क्षणात उचललं जातं. म्हणून औषध कुठलंही असो, मी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारायला लावतो. या प्रवासात औषधाने हात कुठे घातला? आणि त्याचा परिणाम कुठल्या अवयवातल्या कुठल्या रिसेप्टरपर्यंत (पेशीवर हे रसायन जिथे बसतं त्या जागेपर्यंत) पोचला?

प्रवास फार लांबचा नाही. सुरुवात टायरोसिन या अमिनो आम्लापासून होते. डाळ, दूध, अंडी, मटण यांतून ते भरपूर मिळतं, कोल्हापुरात तर त्याची ददात नाही. टायरोसिनचं डोपा होतं, डोपाचं डोपामिन होतं आणि शेवटची पायरी चेतातंतूच्या टोकातल्या सूक्ष्म पिशव्यांच्या आत पार पडते. तिथे डोपामिनचं नॉरएपिनेफ्रिन होतं. संदेश आला की टोकात कॅल्शियम शिरतं, पिशव्या कडेला येऊन उघडतात, रसायन बाहेर पडतं आणि पलीकडच्या रिसेप्टरवर बसतं. काम झालं की बहुतेक माल तेच टोक परत आत ओढून घेतं. उरलेला एमएओ आणि सीओएमटी ही एन्झाइम्स मोडून टाकतात. सिम्पथेटिक, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या, चेतातंतूंचा निरोप्या हाच, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं. माल परत आत ओढला जातो हे अमेरिकेच्या ज्युलियस अॅक्सेलरॉड यांचं काम. दोघांनाही १९७० चं नोबेल मिळालं.

मेंदूत याचा मुख्य उगम म्हणजे मेंदूच्या खोडातला लोकस सेरुलियस नावाचा इवलासा निळसर ठिपका. त्याचे धागे वर अख्ख्या मेंदूत पसरतात आणि खाली मज्जारज्जूपर्यंत उतरतात. मेंदूबाहेर हेच रसायन हृदय, रक्तवाहिन्या, मूत्राशयाचं तोंड आणि डोळ्याची बाहुली यांना हुकूम देतं. एकाच माणसाच्या एकाच गोळीने पायाची आग कमी व्हावी आणि लघवीला मात्र जरा जोर लावावा लागावा, हे यामुळेच होतं.

आता रिसेप्टर. अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असले पाहिजेत, असं रेमंड आलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आज अख्खं औषधांचं कपाट त्या दोन अक्षरांवर उभं आहे. अल्फा-१ रक्तवाहिन्या आवळतो, मूत्राशयाचं तोंड आणि प्रोस्टेटमधला स्नायू घट्ट करतो, बाहुली मोठी करतो. बीटा-१ हृदय पळवतो. अल्फा-२ चा स्वभाव उलटा आहे. तो बहुतेक वेळा माल सोडणाऱ्या टोकावरच बसलेला असतो आणि पुरेसा माल बाहेर आला की ‘आता बास’ म्हणून पुढचं सोडणं थांबवतो.

आमच्या भागातला डॉक्टर अल्फा-१ पुस्तकातून कमी आणि विंचवातून जास्त शिकतो. लाल विंचू कोकणात आणि घाटमाथ्याच्या गावांत सापडतो. त्याचं विष चेतातंतूतले सोडियमचे दरवाजे बंदच होऊ देत नाही. तंतू संदेशावर संदेश सोडत राहतात आणि नॉरएपिनेफ्रिन, अॅड्रेनालिनचा अक्षरशः लोंढा बाहेर येतो. पेशंट आणतात तेव्हा घामाने शर्ट अंगाला चिकटलेला असतो, उलट्या होत असतात, हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत गार पडलेले असतात आणि बीपी चढलेलं असतं. बरोबर आलेले लोक म्हणतात, ‘विंचूच आहे, उतरेल की.’ पुढच्या काही तासांत हृदय दमतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडाला फेस येतो. पूर्वी अशा गंभीर पेशंटांत शंभरातले तीस-चाळीस दगावत.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथे प्राझोसिन वापरलं. ही बीपीची गोळी आहे, स्वस्त आणि तोंडाने द्यायची. त्यांनी हे काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं आणि गंभीर दंशातला मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण बक्षिसापेक्षा मला त्यामागचं फार्माकॉलॉजी मोलाचं वाटतं. अल्फा अडवणारी जुनी औषधं अल्फा-१ आणि अल्फा-२ दोन्ही बंद करत. अल्फा-२ बंद म्हणजे ‘आता बास’ म्हणणारा गप्प, मग टोकातून माल आणखी सुटतो आणि हृदय आणखी पळतं. प्राझोसिन अल्फा-१ धरतं आणि अल्फा-२ ला सोडून देतं. रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयावरचं ओझं उतरतं आणि सोडण्यावरचा ब्रेकही शाबूत राहतो. लोंढा आलेल्या माणसात नॉरएपिनेफ्रिन ‘कमी’ करायची गरजच पडली नाही. ते जिथे नुकसान करत होतं तो एकच दरवाजा लावला. पुढचा डोस द्यायचा की नाही हे आम्ही हात लावून ठरवतो. हात-पाय कोमट झाले की औषध पोचलं असं समजायचं. अलीकडे मुंबईच्या हाफकिन संस्थेचं विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही सोबत देतात आणि पेशंट लवकर सावरतो. पहिल्या डोसनंतर पेशंटला उठू द्यायचं नाही, हेही विंचवाच्या पेशंटांनीच शिकवलं. उभं राहताच बीपी धाडकन खाली येतं.

वडिलांचं टॅमसुलोसिन हे प्राझोसिनचंच धाकटं भावंड, जरा निवडक. ते मुख्यतः प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या अल्फा-१ च्या उपप्रकारावर बसतं, म्हणून बीपी तेवढं पाडत नाही. तेवढं नाही, पण पाडतंच नाही असंही नाही. रात्री लघवीला उठताना वडिलांना गरगरतं का, एवढं विचारा. बीपीही एकदा नीट मोजून घ्या: पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बहुतेक ठिकाणी खुर्चीत बसवून एकदाच मोजतात, त्यात हे दिसत नाही.

अल्फा-२ वर आणखी थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. क्लोनिडीन हे औषध नॉरएपिनेफ्रिनच्याच रिसेप्टरला डिवचतं आणि तरी बीपी उतरवतं. विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. ते डिवचतं तो रिसेप्टर मेंदूच्या खोडातला अल्फा-२, म्हणजे ब्रेक. ब्रेक दाबला की खाली जाणारे सिम्पथेटिक संदेश मंदावतात. गंमत म्हणजे हे औषध मुळात चोंदलेलं नाक मोकळं करायला बनवलं होतं. किडनीच्या पेशंटांत ते अजून चालतं आणि ते अचानक बंद करणं ही फार वाईट कल्पना आहे. ब्रेक एकदम सुटतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बीपी आधीपेक्षाही वर जातं. ‘गोळ्या संपल्या होत्या, सोमवारी आणणार होतो’ असं सांगत २२० बीपी घेऊन येणाऱ्यांना विचारलं तर त्यांत क्लोनिडीनवाले निघतात.

कंबरदुखीच्या कॉम्बिनेशन गोळ्यांत असणारं टिझानिडीनही याच घराण्यातलं. लोक त्याला दुखण्याची गोळी समजतात, पण स्नायू सैल करायला ते मज्जारज्जूतला अल्फा-२ च डिवचतं. त्यावर कुणी लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं की टिझानिडीन यकृतात मोडायचं थांबतं आणि रक्तातलं एकूण प्रमाण सुमारे दहापट होतं. पेशंट दुपारी जेवायला उठतच नाही. ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नाहीत. वडिलांची कंबर दुखते म्हणून घरात अशी पट्टी पडलेली असेल तर तिच्यावरचं बारीक अक्षर आजच वाचा.

ड्युलॉक्सेटिन म्हणजे तुमच्या मुलीच्या यादीतलं ‘वाढवणारं’ औषध. ते नॉरएपिनेफ्रिन जास्त बनवत नाही आणि जास्त सोडायलाही लावत नाही. ते फक्त परत आत ओढणाऱ्या वाहकाला अडवतं, सोबत सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या वाहकालाही. आपल्याकडे पावसाळा संपला की बंधाऱ्याला बरगे, म्हणजे आडव्या फळ्या घालतात. वरून येणारं पाणी तेवढंच असतं, पण बरग्यांमागे ते थांबतं आणि पातळी चढते, तसंच हे. पातळी कुठे चढली याला अर्थ आहे. मेंदूच्या खोडातून मज्जारज्जूत उतरणारे जे धागे आहेत, ते पायाकडून येणारी वेदनेची वर्दी वाटेतच दाबतात. तिथे नॉरएपिनेफ्रिन जास्त वेळ थांबलं की ही दाबण्याची शक्ती वाढते आणि हे काम तिथला अल्फा-२ करतो. म्हणजे पायाची आग शमवण्यात तोच ब्रेक उपयोगी पडतो. यासाठी साधारण ६० मिलिग्रॅम पुरतात. त्यापुढे डोस वाढवून आग आणखी कमी होते असं दिसत नाही, मळमळ मात्र वाढते.

नैराश्यात हेच औषध दिलं तर वाहक काही तासांत अडतो, पण मन हलकं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. मग मधल्या काळात काय होतं? एक खुलासा असा की माल वाढल्याचं कळताच अल्फा-२ ब्रेक दाबतो आणि बराचसा फायदा खाऊन टाकतो. रोज माल जास्त दिसत राहिला की तो ब्रेक हळूहळू बोथट होतो. हे सगळं उत्तर नव्हे, पण ‘चार दिवस घेतली, काही फरक नाही, बंद केली’ म्हणणाऱ्याला सांगण्याइतकं पक्कं आहे. मिर्टाझापिन हे नैराश्याचं दुसरं औषध तर वाहकाला हातही लावत नाही, ब्रेकच काढून टाकतं.

मूड आणि ही रसायनं यांचा संबंध कसा लक्षात आला, त्याचा एक धागा भारतातून जातो. सर्पगंधेच्या मुळीचा बीपीवर होणारा परिणाम मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. त्या मुळीतलं रेसर्पिन १९५२ मध्ये वेगळं काढलं गेलं. ते पिशव्यांत माल भरणारा पंपच बंद पाडतं. बाहेर राहिलेला माल एमएओ मोडत जातं आणि टोक रिकामं होतं. बीपी उतरायचं, पण काही पेशंट उदास होतात अशी तक्रार येऊ लागली. त्याच काळात टीबीवरच्या इप्रोनायाझिड या औषधाने पेशंट उलट हुशारीत यायला लागले. ते एमएओला अडवत होतं. एक औषध टोक रिकामं करतं, दुसरं माल मोडू देत नाही. नैराश्याचा अमाइनशी (नॉरएपिनेफ्रिन, सेरोटोनिन ज्यात येतात त्या रसायनांच्या गटाशी) संबंध जोडण्याची कल्पना या जोडीतून आली. रेसर्पिनने खरंच नैराश्य येतं का, यावर आज वाद आहे आणि ती कल्पनाही आता फार भाबडी वाटते. पण औषधं तिच्याच बळावर निघाली.

आणखी एका प्रकारची औषधं टोकात शिरून साठवलेला माल बाहेर ढकलतात. अॅम्फेटामिन, इफेड्रिन, मेफेन्टरमाईन. मणक्यात भूल दिल्यावर बीपी उतरलं की भूलतज्ज्ञ मेफेन्टरमाईन देतात आणि त्या जागी ते उत्तम आहे. पण हेच इंजेक्शन जिममधली पोरं ‘दम वाढतो’ म्हणून चोरून टोचून घेतात. कोल्हापुरात मी हे लिहिणारच, कारण इथे तालमीच्या मातीला मान आहे आणि तिच्या शेजारीच शरीर बनवायची घाई झालेली पोरंही आहेत. या औषधाने ताकद येत नाही. साठा उपसला जातो, म्हणून तोच डोस पुढच्या वेळी कमी लागू पडतो आणि मात्रा वाढवावी लागते. मग छाती धडधडते, झोप उडते, बीपी वाढतं आणि कधी हृदयाची लयच बिघडते. स्पर्धेत ते बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत आहे. ज्याला वस्ताद आहे त्याला सिरिंज लागत नाही, हे माझं स्पष्ट मत.

बीटा अडवणाऱ्या औषधांचाही खेळाशी संबंध आहे, पण उलट्या बाजूने. प्रोप्रॅनोलॉल जेम्स ब्लॅक यांच्या कामातून १९६४ मध्ये आलं आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते हृदयाचे ठोके कमी करतं, हाताची थरथर थांबवतं. धावपटूला याचा तोटाच होईल, नेमबाजाला मात्र फायदा होतो. म्हणून नेमबाजीत त्यावर स्पर्धेतच काय, सरावातही बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदकं यापायीच गेली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणल्यापासून इथे पोरांचा रायफलकडे ओढा वाढलाय. त्यांच्या पालकांनी घरातल्या बीपीच्या आणि मायग्रेनच्या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. दम्याच्या माणसाला प्रोप्रॅनोलॉल अजिबात चालत नाही, कारण श्वासनलिका उघडी ठेवणारा बीटा-२ ही ते बंद करतं.

वडिलांचं मेटोप्रोलॉल मुख्यतः हृदयातल्या बीटा-१ वर काम करतं. ड्युलॉक्सेटिनने नॉरएपिनेफ्रिन थोडं जास्त रेंगाळलं तरी हृदयाच्या दारात मेटोप्रोलॉल उभं आहे. इथपर्यंत दोघांचं जमतं. पण त्यांची गाठ वेगळ्याच ठिकाणी पडते, यकृतात. मेटोप्रोलॉल मोडणारं जे एन्झाइम आहे, त्याला ड्युलॉक्सेटिन बऱ्यापैकी अडवतं. म्हणजे ड्युलॉक्सेटिन सुरू झाल्यावर मेटोप्रोलॉलचा तोच डोस जास्त मुरतो. नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली किंवा चालताना वडील एकदम थकू लागले, तर गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरला फोन करा. स्वतः बंद मात्र करू नका. बीटा अडवलेले असताना शरीर रिसेप्टरची संख्या वाढवून बसतं. गोळी एकदम थांबली की साधं नॉरएपिनेफ्रिनही हृदयाला भारी पडतं. ड्युलॉक्सेटिनही असंच टप्प्याटप्प्यानेच सोडायचं असतं. एकदम सोडलं तर चक्कर येते आणि डोक्यात करंट बसल्यासारखे झटके जाणवतात.

आता ती पट्टी. आपल्याकडच्या सर्दीच्या गोळीत बहुधा पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन (शिंका थांबवणारं अॅलर्जीचं औषध) असतं. फेनिलेफ्रिन थेट अल्फा-१ डिवचतं. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळाव्यात असा हेतू. पण तोंडाने घेतलं की बरंचसं आतड्याच्या भिंतीतच मोडलं जातं आणि नाकापर्यंत पुरेसं पोचत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन बंद नाकावर उपयोगी नाही. म्हणजे वडिलांच्या नाकाला काही मिळालं नाही. जे थोडं रक्तात गेलं ते टॅमसुलोसिन जिथे सैल करतंय तिथेच घट्ट करायला निघालं. त्यात क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा स्नायू सुस्त करतं आणि ड्युलॉक्सेटिनचा थोडा कल आधीच लघवी रोखण्याकडे असतो. प्रोस्टेट वाढलेला माणूस, रात्र, दोन सर्दीच्या गोळ्या आणि पहाटे लघवी पूर्ण अडकलेली, ओटीपोट टणक: हे चित्र इमर्जन्सीत नवीन नाही. नळी घातल्यावर लिटरभर लघवी येते आणि मग कळतं की काल सर्दी होती. गोळीत फेनिलेफ्रिनऐवजी स्यूडोइफेड्रिन असेल तर धोका आणखी मोठा, कारण ते पोटात मोडत नाही, खरोखर काम करतं. नातवंडांनाही ही पट्टी अर्धी करून देऊ नका. फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच काढली आहे.

ओळखीत कुणाला औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी लिनेझोलिड सुरू असेल, तर त्याने सर्दीची गोळी अजिबात घेऊ नये. लिनेझोलिड एमएओला थोडं अडवतं, मग फेनिलेफ्रिन मोडत नाही आणि बीपी झपाट्याने चढू शकतं. त्याच्यासोबत ड्युलॉक्सेटिनही धोक्याचं, पण तिथे अडचण सेरोटोनिनची आहे.

वडिलांना सर्दीत वाफ, मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब आणि ताप असेल तर नुसतं पॅरासिटामॉल पुरे. नाक अगदीच बंद असेल तर ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब डॉक्टरांना विचारून फक्त रात्री, तीन दिवस. आठवडाभर टाकत राहिलात तर नाकातले रिसेप्टर दाद देईनासे होतात आणि थेंब थांबवताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं.

तुम्ही विचारलं नाही, पण ६८ चं वय आहे म्हणून सांगतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर टॅमसुलोसिन चालू आहे किंवा पूर्वी घेतलं होतं, हे डोळ्याच्या डॉक्टरांना तपासणीच्या दिवशीच सांगा. बुब्बुळातल्या स्नायूलाही अल्फा-१ च हुकूम देतो. या गोळीने तो ढिला पडतो आणि ऑपरेशन चालू असताना बुब्बुळ फडफडतं, बाहुली लहान होत जाते. आदल्या दिवशी गोळी बंद करून ते टळत नाही. आधी कळलं तर सर्जन बाहुली ताणून धरणारी रिंग आणि वेगळे थेंब तयार ठेवतो. चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहूनच न्या, ‘लघवीची गोळी’ म्हटलं की पाणी काढणारी गोळी समजतात.